हातभर बुडायला चार आकडे

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याकडून भलत्या अपेक्षा ठेवायला नकोत. पालीला भितो. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की घामाने निथळतो. डॉक्टर नुसतं ‘रिपोर्ट घेऊन या’ म्हणाले तरी माझी झोप उडते. बापूस खाडीत वाढला, त्याचा बापूसही खाडीतच वाढला, आणि त्यांच्या घरात जन्मलेल्या मला पोहता येतं ते पाय टेकतील तेवढ्याच पाण्यात.

तरी मला मासे धरायचं वेड आहे. हसू नका. काठावर कोरड्या पायांनी उभं राहायचं, लांबच्या लांब गळ फेकायचा आणि पाण्याशी जो काही संबंध ठेवायचा तो दोरीने ठेवायचा, यापेक्षा भित्र्या माणसाला सोयीचा छंद दुसरा कुठला असणार?

त्यातही मी जिवंत चिंबोरी किंवा कोळंबी गळाला लावत नाही. मी नकली मासा वापरतो. वीतभर लांबीचा, सांध्यांमध्ये वळणारा, ओढला की शेपूट हलवत खऱ्यासारखा पोहतो. स्विमबेट म्हणतात त्याला. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शिकलो सगळं. हा मासा तीन जातींचा मिळतो. एक पाण्यावर तरंगतो, एक हळूहळू बुडतो आणि एक धोंड्यासारखा सरळ तळाला जातो. दुकानदार रंगावर भाषण देतो, डोळे किती खरे दिसतात ते दाखवतो. सगळं थोतांड. तुमचा नकली मासा किती वेगाने बुडतो हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर त्याला सोन्याचे डोळे लावून उपयोग नाही. आमच्या खाडीतला तो मोठा, चवीचा मासा, जिताडा, पाण्यात जिथे दबा धरून बसलेला असतो, त्याच्या जरा वरून तो जायला हवा. फार वरून गेला तर जिताडा मान वर करत नाही, आणि फार खाली गेला तर तो चिखलात रुततो नाहीतर कशात तरी अडकतो.

म्हणून मी टेमघरच्या फ्लॅटच्या गॅलरीत निळा ड्रम भरून ठेवला होता. नवीन मासा आणला की त्यात सोडायचा आणि आकडे मोजायचे. एक, दोन, तीन, चार. हातभर खाली जायला किती आकडे लागले ते त्याच्या पोटावर बारीक अक्षरात लिहून ठेवायचं. गोड्या पाण्यात तो लवकर बुडतो, खाऱ्यात जरा रेंगाळतो, म्हणून ड्रममध्ये मीठही टाकायचो. बायकोने पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा म्हणाली, “लोणचं घालताय का माशांचं? मोहरी देऊ का?”

आमच्या खाडीसाठी माझं ठरलेलं होतं. हातभर बुडायला चार आकडे. गाळाचा तळ, पाणी उथळ, आणि चिखलात जुन्या जाळ्यांचे खुंट अजून उभे, काही पाण्याच्या वर दिसणारे आणि बरेचसे न दिसणारे. तिथे हळू बुडणाराच मासा पाहिजे. जड मासा मी फक्त मधल्या खोल पात्रासाठी ठेवला होता, तोही काठापासून लांब फेकता आला तरच. हा नियम मीच केला होता आणि मीच मोडला. आता त्या दिवसाकडे येतो.

दोन वर्षं झाली त्याला. माझा दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. तो अजून गावातल्या घरातच राहतो, कशेळीच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला. शेतं गेली, तिथे गोदामं उभी राहिली, मी फ्लॅटमध्ये आलो, पण दादा हलला नाही. बापूस गेल्यावर मला त्यानेच वाढवलं. मला तो कधी नावाने हाक मारत नाही, ‘बारक्या’ म्हणतो. मी पन्नाशी ओलांडली, केस गेले, तरी बारक्याच.

त्याच्या मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदा जेवायला येणार होती. आमच्याकडे व्याह्याला जिताडा वाढायचा असतो, आणि तोही बाजारातला आणला तर दादाला कमीपणा वाटतो. त्याची जाळी उंदरांनी खाल्लेली, गुडघे दुखणारे. त्याने मला फोन केला. “त्या तुझ्या रबराच्या खेळण्याला खरंच मासा लागतं का रं? का नुस्ता फोटो काढायला जातंस?”

मला राग आला. खरं सांगायचं तर पुढचं सगळं त्या रागातूनच झालं. म्हटलं, “उद्या चल माझ्याबरोबर. तुझ्या डोळ्यांदेखत काढतो.”

षष्ठी होती. मी मोबाइलवर भरती-ओहोटीची वेळ बघितली, दादाने बोटांच्या पेरांवर तिथी मोजली, आणि दोघांचंही उत्तर एकच आलं. ओहोटी साडेअकराला संपणार. पाणी उतरलं की जिताडा पात्रात गोळा होतो आणि भरतीचं पहिलं पाणी आत शिरलं की कडेला येतो. तो अर्धा तास कामाचा. आम्ही अकराला बांधावर पोचलो.

जागा समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. मागे गोदामांची भिंत. तिच्या पायथ्याशी बांध, त्यावर आम्ही. बांधाच्या खालीच एक ओहोळ, दहा-बारा पावलं रुंद, ओहोटीला घोट्याएवढं पाणी. ओहोळाच्या पलीकडे चिखलाचं पसरट मैदान, तीसेक पावलांचं. आणि त्यानंतर खाडीचं खोल पात्र. भरती आली की पाणी आधी ओहोळात शिरतं. म्हणजे चिखलावर कुणी उभं असेल तर त्याच्या पुढूनही पाणी येतं आणि मागूनही.

मी हळू बुडणारा मासा लावून सुरुवात केली. फेकायचा, आकडे मोजायचे, ओढायचा. दादा बांधावर उकिडवा बसून बघत होता. दहा वेळा फेकला, काही नाही.

“काय मोजतंस?” त्याने विचारलं.

मी सगळं समजावून सांगितलं, ड्रम, मीठ, आकडे. तो तंबाखू मळत ऐकत होता. मग म्हणाला, “बापूस असता तर त्यानं तुला त्याच ड्रमात बुडवला असता.”

मला हसायला यायला हवं होतं. उलट डोक्यात तिडीक गेली. तेवढ्यात पात्राच्या ऐन मधे मोठा मासा उसळला, जिताडाच, पांढरं पोट दिसलं. तिथवर हलका मासा पोचत नव्हता. मी पेटीतून जड मासा काढला. हातभर जायला एकच आकडा. तो लांब जाईल हे खरं, पण परत आणताना कडेच्या खुंटांमध्ये बुडेल हेही मला पक्कं माहीत होतं. तरी लावला. दादाला दाखवायचं होतं ना.

पहिल्याच फेकीला अडकला. पात्राच्या अलीकडच्या कडेला, खुंटाला. ओढलं, सैल सोडलं, बाजूने झटके दिले. हलेना.

“तोडतो,” मी म्हणालो.

“तोडतंस?” दादा उठलाच. “गळ खाडीत ठेवून घरी जाणार?”

आमच्या घरचा हा एक कायदा होता. मासा गेला तरी चालेल, जाळं फाटलं तरी चालेल, गळ खाडीत सोडायचा नाही. बाया निवटे धरायला त्या चिखलात अनवाणी फिरतात, हाताने चाचपत. निवटा म्हणजे चिखलात उड्या मारणारा तो बोटभर मासा, त्याला हातानेच धरावं लागतं. कुणाच्या तळव्यात गळ घुसला तर ते पाप सोडणाऱ्याच्या घरावर, असं बापूस म्हणायचा. माझ्या त्या जड माशाला तर दोन तिहेरी गळ होते.

“मी आणतो,” दादा म्हणाला.

“दादा, नको. तुझे गुडघे.”

“बापसाची वाट हाय ना. डोळे मिटून जाईन.”

ती वाट म्हणजे कालवांच्या शिंपल्यांचा एक कडक पट्टा होता, बांधापासून थेट पात्रापर्यंत, चिखलाच्या खाली झाकलेला. बापूस त्यावरून जाळ्यापर्यंत चालत जायचा, दादाही गेलेला. तिसऱ्या खुंटाच्या रेषेत पाय टाकायचा, की घोट्याच्या वर चिखल यायचा नाही. मला ती वाट ऐकूनच माहीत. मी कधी पाय टाकला नव्हता.

पण दादाने त्या चिखलात शेवटचा पाय टाकला त्याला वीस वर्षं झाली होती. मधल्या काळात पात्रातून रेती उपसली गेली होती, कडा ढासळल्या होत्या, आमच्याच शेतांवर भराव पडून पाण्याचे रस्ते बदलले होते. हे दोघांनाही दिसत होतं. पण खाडीकाठच्या माणसाला खाडी बदलली असं सांगून बघा. बाहेरचा कुणी असता तर पाऊल टाकायच्या आधी दहा वेळा विचारता. आम्हाला विचारायची लाज वाटते.

त्याने पँट वर दुमडली, वाकून खाडीचं पाणी कपाळाला लावलं आणि ओहोळ ओलांडला. पुढे चिखलात पाच पावलं, दहा पावलं, नीट गेला. मागे वळून माझ्याकडे बघून हसलाही. पंचविसाव्या पावलाला त्याचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. तोल सावरायला तो बांधाकडे वळला आणि डावा पाय टाकला, तोही गेला.

मला आधी वाटलं, निघेल. तो हातांवर भार देऊन उठायला बघत होता आणि हात कोपरापर्यंत आत जात होते. जेवढा हलला तेवढा खाली गेला. मग थांबला. कमरेला चार बोटं कमी इथवर चिखल होता.

“बारक्या,” तो म्हणाला, “पाय सुटत न्हाय.”

ओरडून नाही, साध्या आवाजात. पण दादाच्या आवाजात तसलं काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी बांधावरून उतरलो, ओहोळातून दोन पावलं टाकली, चिखलाने पोटरी धरली, आणि मी किंचाळत मागे येऊन बांधाचं गवत पकडलं. एक चप्पल तिथेच राहिली. खोटं कशाला बोलू, ती दोन पावलं सोडली तर मी त्यानंतर खाडीत उतरलोच नाही.

घड्याळात बघितलं. अकरा पस्तीस. ओहोटी संपली होती.

मी फायर ब्रिगेडला फोन लावला. माझी बोबडी वळलेली, पत्ता नीट सांगता येईना. पलीकडचा माणूस शांतपणे विचारत होता, मी वैतागत होतो. गाडी निघते म्हणाला. पण कशेळीच्या रस्त्यावर त्या वेळेला कंटेनर कसे उभे असतात ते मी येताना बघून आलो होतो, आणि बांधावरून त्यांचे हॉर्नही ऐकू येत होते. मग मागच्या गोदामाच्या मुकादमाला फोन केला. गोदाम आमच्याच जुन्या शेतावर, म्हणून ओळख. मी म्हटलं, “लोक पाठवा, दोर पाठवा, फळ्या पाठवा, काहीही पाठवा.” तो म्हणाला, माल उतरतोय, मागचं फाटक बंद आहे, पुढून वळसा घालून वीस मिनिटं लागतील.

वीस मिनिटं. ओहोळातलं पाणी उलटं वाहायला लागलं होतं. त्यावर तरंगणारी एक थर्माकोलची थाळी मगाशी खाडीकडे गेलेली मी पाहिली होती, ती परत येत होती.

“पाणी आलं का रं?” दादाने विचारलं. त्याची पाठ पात्राकडे होती, त्याला मागचं दिसत नव्हतं.

“नाही अजून,” मी म्हणालो. आलं होतं. त्याच्या मागे हातभरावर चमकत होतं.

माणसं येतील, पण येतील कुठून? तीही रुततील. बापसाची वाट जागेवर नव्हती, पण शिंपल्यांचा एवढा मोठा पट्टा काही विरघळत नाही, सरकला असेल. तो कुठे आहे ते शोधायचं, आणि माझ्याकडे शोधायला एकच वस्तू होती. मी अडकलेली दोरी तोडली आणि हळू बुडणारा मासा बांधला. गाठ तीनदा सुटली.

ओहोळात फेकला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, तळाला टेकला. म्हणजे दीड हात. एवढ्यात दीड हात पाणी झालं होतं. मी बांधावरून पाच पावलं सरकलो. पुन्हा. सहा. आणखी पाच पावलं. सात. पाणी चढत होतं आणि माझे आकडे वाढत होते, म्हणजे कुठला आकडा खोलीचा आणि कुठला भरतीचा तेही कळेना. मी मोठ्याने मोजत होतो.

“मोजू नको,” दादा म्हणाला. “बारक्या, मोजू नको रं.”

पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं. त्याला कळलं होतं. मी मनात मोजायला लागलो, पण ओठ हलत होते.

गोदामाचं गटार जिथे ओहोळात पडतं तिथे पोचलो, आणि मासा तिसऱ्या आकड्याला टेकला. पुन्हा फेकला. तीन. बाकी सगळीकडे सात-आठ आणि इथे तीन. पण उथळ म्हणजे कडक असं नाही, गाळाचा उंचवटाही असू शकतो. हळू बुडणारा मासा तळाला इतका अलगद टेकतो की खाली शिंपला आहे की गाळ ते हाताला समजत नाही. त्याला वजन पाहिजे. पेटीत दुसरा एक मासा होता, मीच शिसं चिकटवून जड केलेला. तो बांधला. फेकला. एक म्हणेपर्यंत खाली, आणि हातात टक् झालं. ओढला, टक् टक् टक्, खरखरत आला. शिंपले. पुढे चिखलावरच्या पातळ पाण्यात फेकला, दादाच्या दिशेने, त्याच्या डाव्या अंगाला. खरखर. आणखी पुढे. खरखर. दादापासून चार-पाच पावलांवरून पट्टा जात होता.

“दादा, वाट मिळाली,” मी ओरडलो. “तुझ्या डाव्या हाताला आहे.”

त्याने मान वळवली. त्याचे ओठ पांढरे पडले होते. पाणी बरगड्यांना लागलं होतं. हात त्याने वर धरलेले होते, लहान मूल आंघोळीला धरतं तसे.

“मंग ये ना,” तो म्हणाला.

मी बांधावरच उभा राहिलो.

“बारक्या, ये ना रं जवळ. नुस्ता हात धर.”

आता हे मला नीट लिहायचं आहे. वाट सापडली होती. मी स्वतः शोधली होती, माझ्या मनगटाला खात्री होती. ओहोळात गुडघाभर पाणी, खाली कडक तळ, पुढे कडक तळ. त्याला बाहेर काढणं मला जमलं नसतं, पण त्याच्यापर्यंत जाता आलं असतं. गळाची दांडी पुढे करून त्याच्या हाताला आधार देता आला असता. तो दुसरं काही मागत नव्हता.

मी काय केलं, तर पुन्हा मासा फेकला. टक् टक्. पुन्हा. वाटेची रुंदी बघतोय असं स्वतःला सांगत होतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पाय बांधावर असे चिकटले होते की दादाचे चिखलात नसतील. मला वाटत होतं, मी उतरलो की तो पट्टा सरकणार, मला चिखल धरणार, पाणी नाकात जाणार. दादा मरेल याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती माझी माझ्यासाठी होती, आणि ती मला त्या वेळेला अगदी स्पष्ट कळत होती.

त्याने आणखी एकदा हाक मारली. मग मारली नाही.

माल उचलणारे तीन लोडर आले. डोक्यावर लाकडी पॅलेट, गोदामात माल ठेवतात ते. मुकादम मागून धापा टाकत. मी हातवारे करत सांगितलं, इथून, गटाराच्या तोंडापासून, सरळ, त्या खुंटाच्या डावीकडे. सांगताना माझा आवाज खणखणीत होता. त्यातला एक सडपातळ माणूस, तिशीचा असेल, त्याने मला विचारलं, “पक्का है नीचे?”

“पक्का है,” मी म्हणालो.

तेवढ्यावर तो उतरला. मला ओळखत नव्हता, दादाला ओळखत नव्हता, आमच्या खाडीत त्याने कधी पाय घातला नव्हता. मी सांगितलं म्हणून उतरला. गुडघाभर पाण्यातून चालत गेला, बाकीचे दोघे त्याच्या मागे. दादाच्या समोर पोचल्यावर त्यांनी पॅलेट पाण्यावर टाकून एकाला एक बांधले, आणि तो सडपातळ माणूस त्यावर पालथा झोपून सरकत दादापर्यंत गेला. पाणी तेव्हा दादाच्या काखेत होतं.

“चाचा, हिलो मत,” तो म्हणाला. “पीछे लेट जाओ, जैसे खटिया पे लेटते हैं. हमारे गाँव में हर साल नदी घर में आती है. हम निकालेंगे.”

त्याने दादाचा हात धरला. आधी हात धरला, मग बाकीचं. दादाची मान मागे पॅलेटवर टेकवली. मग दुसरा हात त्याच्या मांडीच्या बाजूने चिखलात घालून पाणी आत सोडायला लागला. पाय हळूहळू हलवायला सांगत होता, ओढायला नाही. मध्येच त्याचं स्वतःचं तोंड पाण्याखाली जात होतं. थुंकायचा आणि पुन्हा बोलायचा. किती वेळ गेला मला माहीत नाही. मी आकडे मोजत नव्हतो. उजवा पाय निघाला तेव्हा दादा रडला, डावा निघाला तेव्हा त्याला काही कळत नव्हतं. फायर ब्रिगेडची गाडी आली तेव्हा त्याला पॅलेटवरूनच बांधाला लावत होते. त्यांनी त्याला तपासलं, दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, आणि तिन्हीसांजेला डॉक्टरने घरी सोडलं.

घरात गाव जमलेलं. दादा भिंतीला टेकून, गोधडी लपेटून बसलेला. मुकादम सगळ्यांना सांगत होता, यांनी गळ टाकून वाट कशी शोधली, डोकं कसं चालवलं, नाहीतर माझी माणसंही गेली असती. लोक माझ्या पाठीवर हात ठेवत होते. प्रत्येक हाताबरोबर मला वाटत होतं की आता दादा तोंड उघडेल. तो माझ्याकडे बघत नव्हता. दिवसभर खाडीकडे बघताना जी भीती वाटली नव्हती ती मला त्याच्या तोंडाकडे बघताना वाटत होती.

तेवढ्यात चुलत्याने विचारलं. म्हातारा माणूस, कान कमी झालेले, जीभ शाबूत. “वाट गावली होती तर तू का न्हाय गेला रं? परका मानूस गेला आन् भाऊ बांधावर?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

“मी जाऊ दिला न्हाय त्याला,” दादा म्हणाला. घसा बसलेला होता, त्यामुळे लोकांनी पुढे झुकून ऐकलं. “तो निघालाच होता. मीच शपथ घातली, त्याच्या पोरांची. म्हटलं, येऊ नको. दोघं गेलो तर घर कोन बघंल?”

चुलत्याने मान डोलावली. बायांनी पदर डोळ्याला लावले. कुणीतरी म्हणालं, मोठा भाऊ असावा तर असा. ते मात्र खरं होतं.

वैनी चहाचा कप घेऊन माझ्यापुढे आली. कप माझ्या हातात देऊन ती तिथेच बसली आणि हळूच म्हणाली, “भावोजी, मरताना बी तुमचाच इचार केला त्यांनी. खरंच असं बोलले?”

दादाने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

“हो,” मी म्हणालो.